अळणासुराचा पाहुणचार

उंबरटेक नावाच्या गावात हौसा नावाची एक भोळी मुलगी होती. भोळी म्हणजे किती? दुपारी आडवी होताना आई म्हणायची, "हौसे, माझा डोळा लागला तर उठव हं." हौसा उशाशी बसून राहायची. आईचा डोळा लागला रे लागला, की तिला गदागदा हलवायची. "आई, लागला बघ!"

आई म्हणजे अनसाबाई. गावातल्या सगळ्या लग्नांचा स्वयंपाक तिच्याकडे असे. तिच्या आमटीसाठी लोक लग्नाची तिथी पुढेमागे करत. हौसाला फार वाटे, आपल्याही हातून असं काहीतरी व्हावं. कुणीतरी म्हणावं, "अरे, हौसाला बोलवा!" आजवर लोक एवढंच म्हणत, "अरे, हौसाला आवरा!"

एके सकाळी परसातल्या कुंपणावर एक सरडा बसला होता आणि मान हलवत होता.

"मुली, मी सरडोबा," सरडा म्हणाला. "या गावावर संकट येणार आहे. गाव वाचवायला मला एक जादूची मुलगी हवी आहे."

सरडोबानं गावातल्या हुशार मुलींना आधी विचारलं होतं. त्या हुशार असल्यामुळे सरड्याशी बोलल्या नाहीत. हौसा बोलली.

"कसलं संकट?"

"अळणासुर नावाचा राक्षस येतोय. तो गावात शिरतो आणि हात पसरतो. त्या दोन हातांच्या मधे जेवढं गाव येईल, तेवढ्या गावातल्या जेवणाची चव जाते. पलीकडच्या बोरखेडीत जाऊन बघ. माणसं भाकरी खातायत की पाट, हे त्यांचं त्यांना कळत नाही."

हौसाला आईची आमटी आठवली. "मी येते," ती म्हणाली. "कुठे यायचं?"

"कुठेच नाही. हे घे." सरडोबानं तिला ताक घुसळायची एक लाकडी रवी दिली. ती घेऊन गिरकी घ्यायची आणि म्हणायचं,

"गरगर रवी, भिरभिर रवी,
ताकाचं लोणी, लोण्याची चांदणी!"

हौसानं तसं केलं. लखकन उजेड पडला. तिच्या अंगावर झालरींचा गुलाबी परकर आला, वेण्यांना फिती आल्या, कपाळावर चांदणी आली, आणि तिचा एक पाय आपोआप वर उचलला गेला.

"हा पाय का वर गेला?"

"पद्धत आहे," सरडोबा म्हणाला. "का आहे ते मलाही ठाऊक नाही. आता नीट ऐक. कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की धावून जायचं, आणि ज्यानं ते आणलं त्याला रवीनं नाहीसं करायचं."

हौसा घरात गेली. आई पाटलांच्या मुलीच्या लग्नासाठी कांदे चिरत बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

हौसानं गिरकी घेतली, ओळी म्हटल्या, पाय वर केला आणि रवी फिरवली. विळीवरचा कांदा गेला. टोपलीतले कांदे गेले. माळ्यावरचे गेले. सगळ्या गावातले कांदे गेले.

आईनं कपाळावर हात मारला. "अगं, लग्न चार दिवसांवर आलंय! आता आमटीला फोडणी कशाची देऊ, तुझ्या फितींची? विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आधी विचारावं माणसानं!"

"बरं," हौसा म्हणाली. तिला वाईट वाटलं. आधी विचारायचं, हे तिनं मनात घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा हरण्या बैल दावं तोडून सुटला. पुढे पाटील, मागे हरण्या. पाटलांचं पागोटं मारुतीच्या देवळापाशी पडलं, एक वहाण विहिरीपाशी पडली.

"हौसे! काहीतरी कर!" पाटील ओरडले.

हौसा तयारच होती. गिरकी, ओळी, पाय. मग ती पुढे झाली आणि बैलाला म्हणाली, "हरण्याकाका, आपण कशासाठी धावताय? आणि मी आपल्याला हात लावला तर चालेल का?"

हरण्याच्या उत्तरासाठी ती थांबून राहिली. तोवर पाटील उकिरड्यात कमरेपर्यंत जाऊन रुतले होते.

सरडोबा कुंपणावरून उतरून आला. "बैलाला काय विचारतेस? अंगावर धावून येतो त्याला जागच्या जागी थिजवायचं!"

"मग आधी सांगायचं ना," हौसा म्हणाली. धावून येईल त्याला थिजवायचं. हेही तिनं मनात घट्ट धरलं.

लग्नाचा दिवस आला. कांदे बोरखेडीहून आणले होते. वास येत होता, चव नव्हती. पण अनसाबाईनं खोबरं जास्त घालून भागवलं. वऱ्हाड वेशीपाशी पोचलं. व्याहीभेटीची वेळ झाली. इकडून पाटील निघाले, तिकडून व्याही निघाले. दोघेही हौसेनं हात पसरून एकमेकांकडे धावले.

मधे हौसा उभी होती.

आता पाटील एका बाजूला, व्याही दुसऱ्या बाजूला, दोघांच्या मिठीत चार हातांचं अंतर, आणि दोघेही दगडासारखे थिजलेले. सरडोबा म्हणाला, "सूर्य मावळला की सुटतील." मग काय करणार? लग्न त्यांच्याविनाच लागलं. वऱ्हाडातल्या मंडळींनी आपापली उपरणी त्यांच्या हातांवर वाळत घातली. पाटलांना मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकता आल्या नाहीत. त्यांच्या थिजलेल्या डोळ्यांत तेवढं पाणी आलं, पण तिकडे हौसाचं लक्ष गेलं नाही, हे बरंच झालं.

घरी येऊन हौसा कोपऱ्यात बसली. जेवेना. आईनं तिची वेणी सोडली आणि जवळ घेतलं.

"हौसे, हात पसरून जो आपल्याकडे येतो ना, तो पाहुणा असतो बाळ. त्याला पाटावर बसवावं. ओवाळावं. जाताना रिकाम्या हातानं पाठवू नये. आणि 'पुन्हा या, घरच्यांना घेऊन या,' असं म्हणावं. एवढं जमलं तरी पुष्कळ."

"जमेल," हौसा म्हणाली.

सकाळी सरडोबा धापा टाकत आला. "अळणासुर निघाला! वेशीवर जा, आणि डोळ्यांत तेल घालून पहारा कर!"

हौसा वेशीवर गेली. जाताना घरातून एरंडेलाची वाटी, आणि कुणी पाहुणा आलाच तर म्हणून पाट आणि ओवाळायचं ताम्हनही घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. डोळे चुरचुरले. झाडं पुसट झाली, रस्ता पुसट झाला. पण तिनं पहारा सोडला नाही.

मग धरणी हादरली. टेकाडामागून अळणासुर आला. ताडाएवढा उंच, काळाकुट्ट, जिभेवर पांढरा थर. गावकरी घरांत शिरले आणि कड्या लावून फटींतून बघू लागले. अळणासुरानं दोन्ही हात पसरले.

हौसाला पुसट दिसलं. कुणीतरी आलंय. हात पसरून आलंय.

"या, या!" ती म्हणाली. "पाट घ्या."

अळणासुर गोंधळला. आजवर त्याला कुणी 'या' म्हटलं नव्हतं. लोक 'आला' म्हणत आणि पळत. त्यानं हात खाली घेतले आणि पाटावर बसला. पाट मोडला. हौसानं गिरकी घेतली, ओळी म्हटल्या, पाय वर केला. तोवर अळणासुर मुकाट्यानं थांबला. मग तिनं त्याला ओवाळलं.

वेशीलगतच्या कुंपणावर सरडोबा उड्या मारू लागला. "हौसे, बघतेस काय? दे त्याला एक ठेवून!"

हौसाकडे एकच होती. तिनं ताम्हनात रवी ठेवली आणि दिली.

"ही मला?" अळणासुर म्हणाला.

"रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? पण अशी नाही धरायची. गिरकी घ्या. आता म्हणा माझ्यामागून."

अळणासुरानं गिरकी घेतली. मेघासारख्या आवाजात तो म्हणाला, "गरगर रवी, भिरभिर रवी..." लखकन उजेड पडला. त्या ताडाएवढ्या देहावर झालरींचा गुलाबी परकर आला. शिंगांना फिती बांधल्या गेल्या. कपाळावर चांदणी चमकली आणि त्याचा एक पाय आपोआप वर गेला.

पहिल्यांदा एक पोर खिदळलं. मग एकेक कडी निघाली. बायका पदर तोंडात धरून बाहेर आल्या. पाटील तर पोट धरून जमिनीवर बसले. अळणासुर लाजून चूर झाला. एका हातानं तोंड झाकलं, एका हातानं परकर सावरला आणि आल्या वाटेनं पळत सुटला.

गावात एकच आरोळी उठली. पाटलांनी हौसाला खांद्यावर घेतलं. "पोरीनं गाव राखलं!" ते म्हणाले. "यापुढं काही अडलं तर हौसालाच बोलवायचं!" अनसाबाईच्या डोळ्यांना पदर लागला. चुलीवरची आमटी चाखून कुणीतरी ओरडलं, "चव आहे! चव आहे!"

हौसाला इतका आनंद कधी झाला नव्हता. पण तिला काहीतरी टोचत होतं. आईनं सांगितलेलं एक राहून गेलं होतं. ती पाटलांच्या खांद्यावरून उतरली, वेशीच्या दगडावर चढली आणि पळणाऱ्या झालरीकडे बघून जिवाच्या आकांतानं ओरडली,

"अहो पाहुणे! पुन्हा या! घरच्यांना घेऊन या!"

पार टेकाडाशी अळणासुर थबकला. वळला.

"खरंच येऊ?"

"या की!"

"आम्ही पुष्कळ जण आहोत."

"एकालाही मागे ठेवू नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर धूळ उठली. पुढे परकर सावरत अळणासुर, मागे त्याचे भाऊ, भावजया, मेहुणे, आत्या, पोरंबाळं, आणि सगळ्यांत शेवटी, चौघांनी उचलून आणलेली त्याची म्हातारी आई. सगळ्यांनी हात पसरले होते. गाव सैरावैरा धावत होतं. पाटील छपरावर चढले होते.

हौसानं डोळ्यांवर हात धरून रांग नीट निरखली आणि आईकडे वळली.

"आई," ती काळजीनं म्हणाली, "पाट कमी पडतील गं!"