आक्काच्या सांगण्याबरहुकूम बँकॉक

कोल्हापूरच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळे त्या गावात आणखीही होते, पण त्यांना कधीमधी शंका यायची. केरबाला शंका म्हणून यायची नाही. सांगितलं की तो करायचा. वडिलांनी एकदा सांगितलं, "मी येऊन हाक मारंपतुर बांधावरनं हलू नगंस." आणि वडील परस्पर पाहुण्यांच्या गावाला मुक्कामाला गेले. केरबाला शेवटी चौघांनी उचलून घरी आणलं. वाटेत तो सारखा सांगत होता, "तुम्ही वडील न्हाई."

असा हा केरबा लग्नाचा झाला, आणि लग्नाचा होऊनही बरीच वर्षं झाली. मुलगी बघायला जायचा, तिथं काहीतरी घडायचं आणि सगळे चहा अर्धा टाकून उठायचे. आजूबाजूच्या गावांतल्या मुली संपल्या. केरबाला तर लग्नाची भारी हौस. दुसऱ्याच्या वरातीत तोच सगळ्यात जास्त नाचायचा.

त्याची थोरली बहीण बँकॉकला राहायची. तिला सगळे आक्का म्हणायचे. नवरा तिथं हॉटेलात आचारी, आणि ही घरी बसून डबे करून द्यायची. आक्कानं तिथंच एक स्थळ हेरलं. आबा शिंगटे, मूळचे सांगलीकडचे, बँकॉकात मसाल्याचं दुकान, एकुलती एक मुलगी कावेरी. रविवारी बघायचा कार्यक्रम ठरला. आक्कानं भावाला थोडं आधीच बोलावून घेतलं.

"हे बघ केरबा," ती म्हणाली, "रविवारच्या आत जरा गाव बघून घे. मानसात बसल्यावर बोलाय काय तरी पायजे. आन हे स्थळ गेलं, तर फुडचं मला घावायचं न्हाई. सांगून ठिवते."

"बरं," केरबा म्हणाला. "काय बघू?"

"नदीकाठची देवळं बघ. पण ध्यानात ठिव, हितं पायताण घालून देवळात गेलेलं चालत न्हाई. हार-फुलं दिसली की पायताण भाईर काढायचं, हात जोडायचं, मग पाऊल टाकायचं."

"तसंच करतो," केरबा म्हणाला.

तो धक्क्यावर गेला. खास मुलगी बघायला म्हणून घेतलेली करकरीत कोल्हापुरी चप्पल पायात होती. नाव आली. आता तिकडच्या नावाड्यांची एक रीत आहे. ते नावेच्या नाकाला रोज ताज्या फुलांचे हार घालतात, रंगीत फडकी बांधतात. नावेलाही देवी असते, असं ते मानतात. केरबानं हार बघितले. फुलं बघितली. चप्पल काढून धक्क्यावर जोडीनं नीट ठेवली, हात जोडले आणि नावेत पाऊल टाकलं. नाव निघाली.

पलीकडच्या काठाला तो उतरला तेव्हा ऊन असं तापलं होतं की फरशीवर भाकरी भाजली असती. केरबा एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत उड्या मारत गेला. मधे झाडं नव्हती तिथं नुसत्याच उड्या मारल्या. संध्याकाळी तळपायाला फोड घेऊन घरी आला.

आक्कानं कपाळावर हात मारला. "आरं केरबा, असं करायचं असतंय व्हय?"

"मग कसं करायचं?"

"आपली वस्तू आपल्यापशी ठिवायची! पोटाशी धरायची. कुणी मागू दे, कुणी वढू दे, सोडायची न्हाई!"

"बरं. आता तसंच करतो."

आक्कानं त्याला बाजारातून रबरी चपला आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी केरबा चांगल्या मोठ्या देवळात गेला. दारात चपलांची ही रास पडलेली. केरबाला त्या लोकांची कीव आली. त्यानं चपला काढल्या, पोटाशी घट्ट धरल्या आणि आत शिरला.

आत सोनेरी मूर्ती, शांत माणसं, उदबत्तीचा वास. राखणदार हळूच जवळ आला आणि त्यानं चपलांकडं बोट दाखवलं. केरबानं त्या आणखी घट्ट धरल्या. राखणदारानं हात पुढं केला. केरबा खाली बसला. राखणदारानं एक चप्पल धरून ओढली. केरबा चपलांवर पालथा पडला, कपाळ फरशीला टेकवलं आणि दोन्ही कोपर अंगाखाली घेतले. शेजारच्या एका म्हातारबाबांना वाटलं, काय भक्ती आहे! तेही तसेच पालथे पडले. मग आणखी दोघं पडले. राखणदाराला कुणाला उचलावं ते कळेना. शेवटी त्यानं चपला असलेला माणूस शोधला आणि तसाच घडीसकट बाहेर नेऊन ठेवला. या झटापटीत रविवारसाठी शिवलेल्या शर्टाची बाही खांद्यापासून सुटली.

"आरं केरबा, असं करायचं असतंय व्हय?" आक्का म्हणाली.

"मग कसं करायचं?"

"परमुलखात भांडायचं नसतंय बाबा. समोरच्यानं काय बी म्हणू दे, काय बी दावू दे, आपण दोन्ही हात जोडायचं, मान लववायची, ग्वाड हसायचं. झालं!"

"बरं. आता तसंच करतो."

आक्कानं बाही शिवून दिली. पुढच्या दिवशी केरबा बाजार बघायला गेला. एका बाईपुढं काटेरी फळांचा ढीग होता, फणसाच्या धाकट्या भावंडांसारखा. त्याला दुरियान म्हणतात. खाणारे त्यावर जीव टाकतात, पण वास असा की तिकडं पुष्कळ हॉटेलांच्या दारावर ते फळ आत आणू नये अशी पाटी असते. बाईनं एक फळ उचलून दाखवलं. केरबानं हात जोडले, मान लववली, गोड हसला. बाईनं हिशेबाच्या यंत्रावर आकडा दाबून दाखवला. केरबा हसला. बाईनं दुसरं फळ दाखवलं. केरबानं मान लववली. बाईला असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नव्हतं. तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारीण आपली टोपली घेऊन आली. केरबानं तिलाही हात जोडले.

ओझं घेऊन तो निघाला, तर कुठला रिक्षावाला त्याला बसवून घेईना. रिक्षावाले नाकाला हात लावायचे आणि नाही म्हणायचे. केरबा हात जोडायचा, हसायचा आणि पुढं चालू लागायचा. घरी पोचला तेव्हा आक्काच्या इमारतीतली माणसं एकेक करून खाली उतरत होती. एका आजीनं गॅस सुटलाय म्हणून आरडाओरडा केला. आक्कानं दुरियान परत पाठवले, खिडक्या उघडल्या, धूप घातला. वास काही रविवारच्या कोटातून गेला नाही.

"आरं केरबा, असं करायचं असतंय व्हय?" आक्का नाकाला पदर लावून म्हणाली.

"मग कसं करायचं?"

"बाजारात वस्तू फिरवून फिरवून बघायची! त्वांड वाकडं करायचं, खोट काढायची. समोरचा सांगंल त्याच्या निम्मं म्हणायचं. न्हाई म्हणला तर चालू लागायचं. हाक मारतोच त्यो."

"बरं. आता तसंच करतो."

शनिवार उजाडला. केरबा पुन्हा नदीकाठच्या देवळाकडं गेला. यावेळी चपलाही बाहेर राहिल्या, भांडणही झालं नाही. बाहेर येताना मात्र दारात एक म्हातारी दिसली. तिच्यापुढं वेताचे एवढे एवढे पिंजरे, आणि पिंजऱ्यांत चिमणीएवढी पाखरं. लोक यायचे, पिंजरा घ्यायचे. ते पुढं काय करतात हे बघायला केरबाला सवड नव्हती, कारण तो भाव करत होता. त्यानं पिंजरा फिरवून फिरवून बघितला. तोंड वाकडं केलं. एका पाखराची शेपटी आखूड आहे असं दाखवलं. म्हातारीनं आकडा दाबला. केरबानं निम्मा दाबला. म्हातारीनं देवळाकडं बोट केलं, स्वतःच्या छातीला हात लावला, आकाशाकडं बघितलं. केरबा चालू लागला. म्हातारीनं हाक मारली.

केरबा एवढा खूश कधी झाला नव्हता. जिना चढता चढताच ओरडला, "आक्का! निम्म्यात आणली! कालवण कर!"

आक्का पीठ मळत होती. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि तिनं पिंजरा बघितला. कपाळावर हात मारला, तर कपाळाला कणीक लागली.

"आरं, असं करायचं असतंय व्हय? पुण्याचं काम हाय ते! तिथं भाव करत्यात व्हय? आन घरी आणत्यात?"

"मग कसं करायचं?"

"कोंडलेला जीव दिसला, की डोळं मिटायचं. मनात आपलं मागणं मागायचं. मग दार उघडायचं, 'जा, सुखी ऱ्हा' म्हणायचं, आन माघारी वळून बघायचं न्हाई. जीव मोकळा झाला की मागितलेलं मिळतंय, असं म्हणत्यात हितली लोकं."

"खरंच मिळतंय?"

"मिळतंय म्हण की," आक्का म्हणाली. तिला पोळ्या लाटायच्या होत्या. पाखरं तिनंच गॅलरीतून सोडून दिली.

"बरं," केरबा म्हणाला. "आता तसंच करतो."

रविवारी दोघं शिंगट्यांकडे गेले. खाली दुकान, वर घर. बँकॉकातल्या जुन्या घरांना लोखंडी गज लावायची चाल आहे, पण आबा शिंगट्यांनी हौसच केली होती. खिडक्यांना गज, गॅलरीला गज, आणि रस्त्यावर उतरणाऱ्या मागच्या जिन्याच्या दाराला वर-खाली सरकणारी जाळी, तिला कुलूप. किल्ली दाराशेजारी खिळ्याला, पण तिला आबांशिवाय हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आक्कानं जिन्यातच बजावलं होतं. "केरबा, आज काय करू नगंस. नुसतं बस."

केरबा नुसता बसला. इतका चांगला बसला, की आबांना तो पसंत पडला. कोटाच्या वासाचं त्यांना काही वाटलं नाही. मसाल्याच्या धंद्यात त्यांचं नाक केव्हाच गेलं होतं.

कावेरी पोहे घेऊन आली. उंच, सावळी, डोळे मोठे. तिनं पोह्यांची ताटली ठेवली आणि हळूच म्हणाली, "तिखट झालंय, सांभाळून खा." केरबानं पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. आजवर त्यानं पुष्कळ पोहे खाल्ले होते, पण सांभाळून खा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याला ती मनापासून आवडली. आता हिच्याशीच लग्न, दुसरी कुणी नको, असं त्याच्या मनानं घेतलं.

"आमची पोरगी लई गुणाची," आबा म्हणाले. "एकटी कधी दाराभाईर न्हाई. नर्सिंग शिकली. लांबच्या गावात दवाखान्यात नोकरी लागली हुती. मी म्हणलं, कशाला? जाळीला कुलूप घातलं. तवापास्नं बोलती कमी, पण घरात असती."

"चांगलं केलंसा," आक्का म्हणाली. स्थळ जुळत आलं होतं. या घटकेला आबांनी काहीही केलं असतं तरी तिनं चांगलंच म्हटलं असतं.

"तर मग पोरापोरींना बोलू द्या दोन शब्द," आबा म्हणाले. आणि आक्काला घेऊन आतल्या जिन्यानं खाली दुकानात गेले. नवी लवंग आली होती, ती दाखवायला.

ते मसाल्याच्या कोठीत शिरले. वर केरबा आणि कावेरी राहिली. कावेरी गॅलरीत जाऊन गजाला धरून उभी राहिली. खाली रस्त्यावर बस चालल्या होत्या, त्यांच्याकडं ती बघत होती. केरबानं गज बघितले, जाळी बघितली, कुलूप बघितलं.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तुम्हाला कोंडलंय व्हय?"

कावेरीनं वळून त्याच्याकडं बघितलं. बघायला आलेल्या माणसानं असं काही विचारायची तिला सवय नव्हती. "हो," ती म्हणाली.

केरबानं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. ओठ हलत होते. मग तो उठला, खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि जाळी वर सरकवली.

"जा," तो म्हणाला. "सुखी ऱ्हा."

"खरंच?"

"व्हय."

कावेरीची पेटी पलंगाखाली भरूनच ठेवलेली होती. पेटी जड होती, म्हणून केरबानं ती मागच्या जिन्यानं खाली नेऊन रिक्षात ठेवून दिली. मग लगेच पाठ फिरवली आणि शिंगट्यांच्या घराकडं चालू लागला. रिक्षा वळणावर गेल्यावर कावेरीनं बाहेर डोकं काढलं आणि कितीतरी वेळ त्याला हात केला. केरबाला ते दिसलं नाही. माघारी वळून बघायचं नव्हतं.

तो वर येऊन पोहे खात बसला. थोड्या वेळानं आबा आणि आक्का बोलत बोलत वर आले. आबांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"झालं का बोलणं?" आबांनी विचारलं. "कावेरी कुठाय?"

"सोडली," केरबा म्हणाला.

"सोडली म्हंजे?"

"दार उघडून सोडली. पेटी पण ठिवून आलो."

आबांनी उघडी जाळी बघितली. पुडा त्यांच्या हातातून खाली पडला. कावेरीच्या नावानं हाका मारत ते जिना उतरले. हाका रस्त्यावरून लांब लांब जात राहिल्या.

आक्काला कपाळापर्यंत हात नेण्याचंही त्राण उरलं नाही. ती होती तिथंच खाली बसली. "केरबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "हे काय रं केलंस? पसंत न्हवती व्हय पोरगी?"

"लई पसंत हाय."

"मग का सोडलीस?"

"तूच म्हणलीस न्हवं? कोंडलेला जीव सोडला की मागितलेलं मिळतंय."

"आन काय मागितलंस?"

केरबा लाजला. पोह्यांची ताटली खाली ठेवून त्यानं कोट नीट केला आणि जिन्याच्या दाराकडं तोंड करून बसला.

"हीच बायकू मिळू दे म्हणलं," तो म्हणाला.