स्पीकरला लावलेला कान

"मास्तर, माइक खोटं बोलतो का?"

एल्विन तुस्कानो चप्पल न काढताच ओट्यावर चढला होता. गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, हातात गुडघ्याएवढ्या उंचीचा अँप्लिफायर.

बस्त्याव मास्तर केळफूल सोलत बसले होते. वसईजवळच्या त्या गावात ज्याला म्हणून गिटार धरता येते, त्याला ती त्यांनीच धरायला शिकवलेली. एल्विनलाही. पुढे लग्नांत, सणांत एल्विनचं नाव झालं आणि मास्तरांना काही विचारायची त्याला गरज उरली नाही. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

"काय झालं?"

"वाजवताना लोण्यासारखी लागते. रेकॉर्डिंग ऐकलं की पत्र्यावर खिळा घासावा तशी... गिटार तीच, हातही तोच."

मुंबईच्या एका स्टुडिओला सहाच्या आत दोन मिनिटांचं वादन पाठवायचं होतं. आवडलं तर वर्षभराचं काम. त्या भरवशावर बँकेतली नोकरी त्यानं आधीच सोडली होती, आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. आता चार वाजून गेले होते.

"माइक कुठे ठेवलास?"

"अँप्लिफायरच्या स्पीकरच्या तोंडाशी, चार बोटांवर. सगळे तिथेच ठेवतात."

"आणि तू?"

"मी काय... उभा. नेहमीसारखा. अँप्लिफायर मागे, पायाशी."

मास्तरांनी हात पुसले. त्याची गिटार स्वतःच्या गळ्यात घातली, वायर जोडली. बटणं मात्र एल्विननं ठेवली होती तशीच राहू दिली.

"बस खाली. माइक होता तिथे कान लाव."

हा काय पोरखेळ, असं एल्विनच्या तोंडावर आलं होतं. पण वेळ जात होता. तो बसला.

मास्तरांनी हलकेच एक तार छेडली.

एल्विननं झटक्यात कान मागे घेतला.

"हेच," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये हेच येतंय."

"मग माइक खरं बोलतो."

"पण उभं राहिल्यावर..."

"उभं राहिल्यावर आवाज तुझ्या गुडघ्यांवरून पुढे निघून जातो. कान राहतात वर. तुला तो बोथट लागतो, म्हणून तू धार वाढवतोस."

एल्विननं ट्रेबलचं, म्हणजे धारेचं, बटण मागे घेतलं. कान तिथेच ठेवून अजून थोडं मागे घेतलं. मास्तर वाजवत राहिले. खिळा गेला, तार ऐकू येऊ लागली.

आता उठून घरी पळायला हवं होतं. पण त्याचा हात बटणावरच राहिला.

"मास्तर... हे बटण मी पहिल्यापासून तिथेच ठेवतोय."

"हं."

"कार्यक्रमाला लोक समोर खुर्च्यांवर बसतात. स्पीकरच्या अगदी तोंडासमोर."

मास्तरांनी गिटार उतरवून त्याच्या मांडीवर ठेवली.

"म्हणजे अकरा वर्षं ते हेच..." एल्विनला फार लाज वाटत होती. "किती जण उठून गेले असतील, मास्तर?"

मास्तरांनी केळफूल पुन्हा हातात घेतलं.

"कोण उठलं ते मला कधी दिसलं नाही," ते म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसायचो."