पुलाखालून जाणारं गाव

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो, नदीकाठच्या उंबरावर बसलो होतो आणि सगळं याच डोळ्यांनी पाहिलं. घडली ती माझ्या पणजोबांच्या लग्नाआधी, पण तेवढं चालायचंच.

तर एका गावाला एक पूल होता. दगडी, तीन कमानींचा, पन्नास पावलं लांब, हत्ती नाचवला तरी हलणार नाही असा. आणि त्या पुलावरून गावातलं एकही माणूस जात नसे.

सगळे पुलाखालून जायचे. लुगडी खोचून, धोतरं वर करून, डोक्यावर टोपल्या घेऊन, छातीएवढ्या पाण्यातून. पाण्याला ओढ असली तर आधाराला पुलाचाच खांब धरायचे. शेळ्या मात्र वरून जायच्या, कोरड्या खुरांनी, आणि पलीकडे पोचून मालकाची वाट बघत उभ्या राहायच्या.

परगावचा कुणी विचारायचा, "अहो, मग हा पूल बांधलाय कशाला?"

"तो पूल जीव मागतो," गावकरी सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगायची. आसपासच्या बारा गावांत कुणाकडे असा पूल नव्हता.

"घेतलाय का कुणाचा?"

"पाटलांच्या चुलत आजोबांचा. एकदाच चढले पुलावर, आणि मेले."

"पुलावरच?"

"छे, घरी. अंथरुणात. सत्त्याऐंशीव्या वर्षी."

"मग त्यात पुलाचा काय संबंध?"

"पण मेले की नाही?"

यावर परगावचा माणूस धोतर वर करायला लागायचा.

एका श्रावणात नदीला असं पाणी चढलं की पुलाखालून जायला जागाच उरली नाही. नेमक्या त्याच सकाळी कुंभाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. शेजारच्या म्हातारीने पोटावर हात ठेवून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "मूल आडवं आलंय. सुईणीला बोलवा, दुपारच्या आत. नाहीतर दोघांपैकी कुणी हाताला लागायचं नाही."

आणि सुईण राहायची नदीपलीकडच्या वाडीत.

कुंभार हाताला चिखल तसाच घेऊन काठावर धावला. त्याच्यामागे सगळं गाव. दिवस भरलेत हे ठाऊक असल्याने पलीकडे सुईण काखेत बोचकं मारून उभीच होती. साठीची बाई, गावातलं प्रत्येक पोर तिच्याच हातचं.

"मावशी, ये गं लवकर," कुंभार ओरडला.

"कशी येऊ? मी काय म्हैस आहे पोहत यायला?"

कुंभाराने पुलाकडे पाहिलं. सुईणीने पाहिलं. सगळ्या गावाने पाहिलं आणि नजर फिरवली. कुंभार पुलाकडे निघाला तसं पाटलांनी त्याच्या कंबरेला मिठी मारली. "वेड लागलं काय? येणारं पोर बिनबापाचं करतोस?"

सुईण चाळीस वर्षं पाण्यातून ये-जा करत आली होती. भीती तिलाही होती. पण तिकडे एक बाई तडफडत होती, आणि तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न आला.

"पाटीलबुवा," ती ओरडली, "पूल जीव मागतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या वडिलांनी."

"त्यांना?"

"आबांनी."

"गुरवा, तुला रे?"

"आबांनीच."

"आणि सुतारीणबाई, तुला?"

"आमच्या सासूबाईंनी. त्यांना आबांनी."

"मग आबांना पुढे करा."

आबा म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं माणूस, वय वर्षं नव्वद. पूल बांधला तेव्हा ते सात वर्षांचे होते. ते पुलाची गोष्ट सांगायला बसले की लोक जेवणं विसरून ऐकायचे. दोघांनी त्यांना खांद्यावर घालून काठाशी आणलं.

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गवंड्याने. ज्याने पूल बांधला त्यानेच." गर्दीत कुजबुज झाली. खुद्द गवंडी म्हणजे आता बोलायलाच नको.

"काय म्हणाला तो? जसंच्या तसं सांगा."

आबांनी डोळे मिटले. "म्हणाला, बाळ, पुलावर पाय ठेवू नकोस. मी परत येऊन सांगेपर्यंत कुणीच ठेवू नका."

"का?"

आबा उपरण्याचं टोक चाळवू लागले.

"का म्हणाला, आबा? बाई मरतेय तिकडे."

"चुना ओला आहे म्हणाला."

काठावरचे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मग तो परत आला का सांगायला?"

"नाही. त्याला दूर कुठे देवळाचं काम लागलं."

"आबा, त्र्याऐंशी वर्षं झाली. चुना वाळला असेल की."

"वाळला असेल," आबा म्हणाले. "पण त्याने सांगितलं कुठे?"

सुईणीने पुढचं ऐकलंच नाही. तिने लुगडं खोचलं, बोचकं आवळलं आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला. चाळीस वर्षांची भीती एका वाक्याने जात नाही. तिला पूल थरथरल्यासारखा वाटला. थांबून तिने टाच आपटून पाहिली, तर दगड हललासुद्धा नाही. पुन्हा निघाली. दहा पावलं, वीस पावलं. मधल्या कमानीवर तिच्या पायाने एक सुटा दगड घरंगळला आणि खाली पाण्यात धप्पकन पडला.

"गेली, गेली," बायकांनी तोंडं झाकली. गुरव तर रडायलाच लागला.

"अरे, अजून आहे मी," सुईण वरून ओरडली आणि उरलेली पावलं तिने धावतच कापली. कुंभाराने तिचं बोचकं घेतलं, आणि दोघं गल्लीतून असे पळाले की कोंबड्या छपरांवर चढल्या.

दुपार व्हायच्या आत कुंभाराच्या घरातून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. आई थकली होती, पण डोळे उघडून बघत होती. कुंभार भिंतीला टेकून खाली बसला आणि चिखलाच्या हातांनीच तोंड पुसू लागला.

मग आबा कुंभाराच्या अंगणात उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, "माझं चुकलं रे. ओला चुना तेवढा खरा. जीव मागतो ते मी मागाहून जोडलं. नुसत्या चुन्याची गोष्ट कोण ऐकत बसतंय? पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. आणि तुमच्यापैकी कुणी विचारलंही नाही."

तात्पर्य काढायचंच तर हे: जी गोष्ट सांगायला आणि ऐकायला फार गोड लागते, तिचा पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही, म्हणून पुरावा आधी तिचाच मागावा.

आता एक कबुली देतो. पूल, पूर, सुईण, चुना, सगळं जसं घडलं तसंच सांगितलं. आबांचं अंगणातलं बोलणं तेवढं माझ्या पदरचं. चारचौघांत असं कोण कबूल करतं? आबा खरं तर म्हणाले होते, "पूल एक जीव मागत होता. आज गावात एक जीव आला. फिटलं त्याचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव बिनघोर पुलावरून जाऊ लागलं.