एकच रांजण

त्या रानात कुणालाच स्वतःहून काही आठवत नसे. सगळ्यांचं आठवणं तळ्यात होतं. पहाटे तळ्याचं पाणी प्यायचं, की आपलं नाव, आपली पिलं, आपलं बीळ ध्यानात यायचं. तळं नीट तर रान नीट, इतका साधा कारभार.

तरी पूर्वजांनी हातचं राखून एक दगडी रांजण ठेवला होता. 'घे' म्हटलं की तो आतलं जुनं पाणी सांडून तळ्यातलं ताजं भरून घ्यायचा. 'दे' म्हटलं की असेल ते तळ्यात ओतायचा. पुन्हा विचारायची त्याची जात नव्हती. रोज सांजेला 'घे' म्हणायचं काम गोंदा साळिंदराकडे होतं, त्याच्या बापाकडेही तेच होतं. 'दे' मात्र अभद्र. तो शब्द उच्चारला की तळं नासतं म्हणे, म्हणून कुणी कधी म्हणूनच पाहिला नव्हता. काय म्हणावं या शहाणपणाला!

न म्हणताही तळं नासलं. एका पहाटे पाणी काळं पडलं आणि जो प्यायला तो कोरा झाला. गोंदाची लेक भिंगरी पिऊन वर आली, बापाकडे बघून अदबीने म्हणाली, “आपण कोण?” गोंदा अजून प्यायला नव्हता; कालच्या घोटावर तग धरून होता.

उशिरा उठणारे तेवढे शाबूत राहिले होते. रांजणात कालचं पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अभद्र शब्द काढावा की नाही, यावर त्यांचा दिवसभर खल चालला. शेवटी म्हातारा गवा म्हणाला, “म्हण बाबा. आता आणखी काय नासायचं राहिलंय?”

तोवर सांज झाली होती. गोंदाने लेकीला जवळ घेतलं आणि रांजणापुढे उभा राहिला. तीच जागा, तीच वेळ, आणि जन्माची सवय. त्याच्या तोंडून निघालं, “घे.”

कालचं निर्मळ पाणी घळघळ वाहून मातीत मुरलं. रांजण काळ्या पाण्याने काठोकाठ भरला. गोंदाने ओल्या जमिनीत तोंड खुपसून चाटून पाहिलं. नुसता चिखल हाती लागला. मग तो “दे” म्हणाला, आणि रांजणाने होतं ते सगळं इमानाने दिलं.

पहाटे गोंदा भिंगरीशेजारी बसला आणि तोही पोटभर प्यायला.

सांजेला एक साळिंदर आपसूक चालत रांजणापुढे आलं. का आलो, ते त्याला ठाऊक नव्हतं. मागे एक पोर उभी होती, कुणाची कोण जाणे.

“घे,” ते म्हणालं.