उस्तादाची सळई

"आन् त्या डबीत तुम्ही बसलात कसे, उस्ताद? मला तेवढंच सांगा."

सर्जेराव पिसाळ अजून जीपमधून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय खाली, एक आत, आणि तोंड सुरू.

दस्तगीर उस्ताद फकिराच्या तकियाच्या ओट्यावर बसले होते. पुढ्यात पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर पाने, पकडी, हातोड्या. उद्या खंडेनवमी. रॉकेलनं धुतलेली हत्यारं ते एकेक करून पुसत होते. उद्या त्यांना झेंडू वाहायचा.

"जीप बंद कर," उस्ताद म्हणाले.

"असू द्या चालू. इंजिन तापलेलं बरं असतंय."

साफ खोटं. जीपचा सेल्फ गणपतीपासून मेला होता. बंद केली की चालू होत नसे, ढकलावी लागे. पेठेतला एवढा मोठा डिझेल मिस्त्री, त्याचीच गाडी लोकांनी ढकलायची? म्हणून हा गडी ती दिवसभर बंदच करत नसे. चहाला गेला तरी बाहेर जीप धडधडतेय, दाढीला बसला तरी धडधडतेय. परवा एका मयताला गेला, तिथंही धडधडत होती. रडणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. पण हा म्हणे, इंजिन तापलेलं बरं असतं.

"कुठल्या डबीत?" उस्तादांनी विचारलं.

"तीच की. जोत्याची."

चिंचेखाली जोतीरामची नवी गाडी उभी होती. पांढरी, आखूड, घरच्या माणसांनी बसून लग्नाकार्याला जावं अशी. कंपनीनं तिच्यात नवं डिझेल इंजिन बसवलं होतं, मापानं बारकं, पण मोठ्याचं काम करणारं. सकाळी उस्तादांना बघायचं होतं म्हणून जोतीरामनं बॉनेट उघडलं होतं, ते तसंच उघडं होतं.

सर्जेरावानं जीप नेमकी तिच्या अंगाला अंग लावून उभी केली होती. मुद्दाम. शेजारी उभी राहिली की कोण केवढं ते कळावं.

"बाराशेचं इंजिन!" सर्जेराव ओट्याशी आला. जीपच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची त्याला आता सवयच झाली होती. "तीन सिलिंडर! ह्याला इंजिन म्हणत्यात? माणसं बसणार, पोरं बसणार, म्हातारी बसणार, वर डिकीत सामान. ओढणार कोण? शिवणयंत्र?"

उस्तादांनी पाना पुसून खाली ठेवला. दुसरा उचलला.

"अवो, जोत्याला स्वतःलाच भरवसा न्हाई तिचा. डिकीत हा एवढा जाड दोर ठेवलाय. मी बघितलाय माझ्या डोळ्यांनी! घाटात मेली की कुणीतरी ओढून न्यावी म्हणून."

"खिंड चढली," उस्ताद म्हणाले.

"कितव्या गिअरात?"

"तिसऱ्यात."

सर्जेरावानं मान उडवली.

"उतारानं आला असाल."

"उतारानं कोण चढतं रं?"

"बरं, पण अंग आंबलं असंल. असल्या गाडीत अंग आंबतंय."

"झोप लागली."

"तुम्हाला?"

"हां."

सर्जेराव उस्तादांकडं बघतच राहिला. सबंध हयात त्यानं उस्तादांना जीपमधून फिरवलं होतं. बाजार, दवाखाना, उरूस, पोरीचं लग्न. उस्ताद कायम पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायचे आणि समोर बघत राहायचे. झोप सोडा, डोळा कधी मिटला नव्हता.

"माझ्या जीपमधी तुम्हाला कधी झोप लागली न्हाई."

"न्हाई."

एवढंच. पण ते 'न्हाई' सर्जेरावाला असं झोंबलं, की चारचौघांत कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं झोंबलं नसतं.

दोघंही उस्तादांच्याच पत्र्याखाली शिकलेले. सर्जेराव आधीचा, जोतीराम मागाहून आलेला. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, मोठं धूड असेल ते सर्जेरावाचं. जोतीराम बारीक कामाचा. पुढं ही बारक्या इंजिनांची टूम निघाली, कंपनीच्या माणसांनी जोतीरामला नेऊन शिकवलं, आणि आता पेठेतली निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या दारात. सर्जेरावाच्या दारावरून जातात, हात करतात, आणि जोत्याच्या दारात थांबतात. हात करतात ते जास्त लागतं.

पण तेही त्यानं सोसलं असतं. सोसवत नव्हती ती सळई.

उस्तादांची सळई दीड हात लांब, एका टोकाला पितळी गोळी. टोक चालू इंजिनवर टेकवायचं, गोळी कानाच्या भोकावर दाबून धरायची, दुसऱ्या कानात बोट घालायचं. मग आत कोण रडतंय ते कळतं. तिच्या जोरावर उस्तादांनी जन्म काढला होता. डोळे अधू झाले, गॅरेज मोडलं, खिंडीच्या पायथ्याशी या तकियात येऊन बसले, तरी सळई उशाला. आणि यंदा उस्ताद बोलून गेले होते, खंडेनवमीच्या आत सळई देऊन टाकीन. एकाला.

ती आता फडक्यावर अगदी मधोमध पडली होती. जोत्यानं धुतली असणार. नुसती चकाकत होती.

"त्याला काय करायचीय सळई?" सर्जेराव म्हणाला. "तो वायर लावून कॉम्प्युटरला विचारतोय, बाबा काय झालंय म्हणून. त्याला कान कशाला पाह्यजेत?"

उस्तादांनी पकड पुसायला घेतली.

"उस्ताद, त्या इंजिनात खोट हाय. मी शपथेवर सांगतो. वरनं गोड बोलतंय, आतनं खिळखिळं. तुमच्या तोंडावर कोण सांगणार? मी सांगतो. मला कान लावू द्या."

"लावायचाय?"

"द्याच."

उस्तादांनी सळई उचलून त्याच्या हातात ठेवली. सर्जेरावाची बोटं तिच्यावर आवळली गेली. अशी, की आता परत द्यायचीच नाही.

"जोत्या कुठं गेलाय?" त्यानं विचारलं.

"विहिरीवर. पाण्याला."

"बरंच हाय."

उस्ताद काठी टेकत चिंचेपर्यंत आले. गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले. स्टेअरिंगखाली हात हलवला. मग मान हलवली.

"लाव."

शेजारी जीप कानठळ्या बसवत होती. नव्या इंजिनाचा आवाज सर्जेरावाला काही आला नाही, आणि त्याचं त्याला नवलही वाटलं नाही. आवाज येत नाही, आवाज येत नाही, म्हणूनच तर सगळी पेठ त्या गाडीचं कौतुक करत होती.

तो बॉनेटात वाकला. सळईचं टोक इंजिनवर टेकवलं. गोळी कानावर दाबली. डोळे मिटले.

ठक... ठक... ठक-ठक...

चेहरा असा खुलला त्याचा! पोरगा झाल्याचं कळलं तेव्हाही एवढा खुलला नव्हता.

"हाय! हाय की, उस्ताद! ठोका हाय!"

"नीट ऐक."

त्यानं टोक सरकवलं. "हितंबी हाय. बेअरिंग गेलंय. नव्या गाडीचं बेअरिंग!... आन् हे बघा, टॅपेट वाजतंय... इंजेक्टर... हा तर इंजेक्टरच गेला. अवो, ह्यात काय राह्यलंय मग? दिवाळीबी बघत न्हाई ही!"

"सगळं ऐकलंस?"

"सगळं. आता तरी पटलं का?"

तेवढ्यात जोतीराम विहिरीकडून आला. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. सर्जेरावाला बघून हसला.

"दादा, कधी आलात?"

दादानं सळई दिसेल अशी वर धरली.

"जोत्या," गाडीतून उस्ताद म्हणाले, "किल्ली कुठाय?"

जोतीरामनं बादल्या खाली ठेवल्या. सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"ही काय, उस्ताद. माझ्यापाशीच हाय."

...

सर्जेरावानं किल्लीकडं बघितलं. मग गाडीतल्या उस्तादांकडं. मग त्यानं हळूच इंजिनवर पंजा ठेवला.

गार. सकाळपासून सावलीत उभं असलेलं लोखंड. हाताला थरथरही लागली नव्हती, हे त्याला आता आठवलं.

"मग... ठोका कशाचा?"

उस्ताद गाडीतून उतरले. त्याच्याजवळ आले. सळईचं टोक परत इंजिनवर टेकवलं, गोळी परत त्याच्या कानावर दाबली. मग सर्जेरावाच्या मोकळ्या हाताचं मधलं बोट धरलं, आणि त्याच्याच दुसऱ्या कानात घातलं.

बोट घालायचं तो विसरला होता. पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. नव्या पोरालासुद्धा ती सांगावी लागत नाही.

सळईतून काही आलं नाही. काहीच नाही.

उस्तादांनी बोट काढलं.

ठक... ठक... ठक-ठक...

त्याच्या पाठीमागून येत होतं. त्याच्याच जीपमधून.

जोतीरामला काय झालं ते कळलं असावं. शहाणा माणूस. तो बादलीतली चिंचेची पानं काढत बसला.

माणूस उघडा पडला की गप्प बसतो, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं सर्जेरावाला बघावं. लाज वाटली त्याला, पण लाजेपेक्षा पोटातली आग मोठी.

"कळलं," तो म्हणाला. "सळई त्यालाच द्यायचीय. आधीच ठरलंय तुमचं. म्हणून हा खेळ केलात व्हय?"

"सळई तुझी," उस्ताद म्हणाले.

सर्जेरावाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. जोतीरामनं मान वर केली, आणि पुन्हा पानं काढू लागला.

"माझी?"

"तुझी. जीप बंद कर, आन् घिऊन जा."

सर्जेरावानं जीपकडं बघितलं. जीप धडधडत होती.

"चालू हाय ती काय वाईट हाय? द्या की. घेतो आन् निघतो."

"बंद कर."

"उस्ताद..."

उस्तादांनी हात पुढं केला. सळई परत मागणारा हात.

सर्जेराव सळई छातीशी धरून उभा राहिला. बंद केली तर चालू होणार नाही. ढकलायला इथं कोण? एक म्हातारा, आणि एक जोत्या. जगातली बाकी सगळी माणसं चालली असती, एक तो सोडून.

"दादा, नका बंद करू," जोतीराम हळूच म्हणाला. "सेल्फ उचलत न्हाई ना तुमचा..."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पेठेत सगळ्यांनाच ठाऊक हाय."

"सगळ्यांना?"

"गणपतीपासनं."

...

सर्जेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे चहावाल्याला ठाऊक. न्हाव्याला ठाऊक. मयताला रडणाऱ्या बायकांनाही ठाऊक. आणि हात करून पुढं जाणाऱ्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांना...

उस्तादांचा हात अजून पुढंच होता.

सर्जेराव जीपशी गेला. बराच वेळ आत बघत उभा राहिला. मग हात घातला, आणि बंद केली.

जीपनं दोन आचके दिले. अंग झाडलं. थांबली.

किती दिवसांत त्याच्या कानांना एवढी मोकळीक मिळाली नव्हती. चिंचेत साळुंक्या भांडत होत्या. बादलीच्या बुडातून थेंब गळत होता, तो ऐकू आला. खिंडीत वर कुठंतरी कुणी बैलाला हाक घातली, तीही आली. उस्ताद श्वास घेताना छातीत किंचित शिट्टी वाजते... ती कधीपासून वाजते आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो सळई घेऊन परत आला. उस्तादांच्या पायाशी वाकला. उठला तेव्हा आवाज इतका बारीक होता, की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"आता घरी कसा जाऊ, उस्ताद?"

उस्ताद काठी टेकत ओट्याकडं निघाले होते. मागं वळलेसुद्धा नाहीत.

"त्या डबीत दोर हाय."