उभ्या माणसाचं डोकं

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात मोटारी जोडणाऱ्या बायका अख्खी पाळी उभ्यानं काम करायच्या. पाय सुजतात म्हणून त्यांनी स्टुलं मागितली, तर नवे मोठे साहेब चिटणीस यांनी सगळ्यांना बोलावलं आणि स्वतः चाकांच्या खुर्चीत रेलून व्याख्यान झोडलं.

"बसलं की माणूस सुस्तावतो. उभ्या माणसाचं डोकं कसं भराभर चालतं!"

तेवढ्यात शेवंता खिलारे पुढे आली.

"पटलं, साहेब. पण आमचं डोकं मंद चाललं तर एखादा स्क्रू ढिला राहील. तुमचं मंद चाललं तर अख्खा कारखाना गोत्यात येईल. तेव्हा स्टुलांचा विचार तुम्ही उभ्यानंच करा."

हशा पिकला. साहेबांना उठावंच लागलं. शेवंतानं खुर्ची अदबीनं मागे ओढून घेतली.

साहेब बोलत राहिले. बोलता बोलता कधी या पायावर भार टाकायचे, कधी त्या. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बरं, मागवा स्टुलं!"

"बघा, किती भराभर चाललं डोकं!" शेवंता म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा आता, साहेब. पाय भरून आले असतील."