नावाचंच फूल

पूर्वी डोंगरपायथ्याच्या एका नगरात राजा सुदंत राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मले होते. रानातल्या दगडफुलावर त्यांचा मोठा भरवसा. काढा खोकल्यावर, लेप अडलेल्या लघवीवर, भुकटी चिघळलेल्या जखमेवर. मात्र ते घ्यायची रीत ठरलेली होती: पावसात भिजलेल्या दगडावरून बोटाने सुटेल तेवढेच घ्यायचे.

एके वर्षी खोकल्याची साथ आली. नगराचा मुख्य दीर्घक माणसे घेऊन निघाला आणि विळ्यांनी खडक खरवडू लागला. बोधिसत्त्व आडवे गेले.

"बाबांनो, हे नावाचंच फूल. नखाएवढं वाढायला माणसाचा जन्म जातो."

"फूल ते फूल, वैद्यराज!" दीर्घक हसला. "चैत्रात पुन्हा फुलेल."

पालथ्या घड्यावर पाणी! चैत्रात पळस फुलला, खडक बोडकेच राहिले. पुढे साथ पुन्हा आली, तेव्हा कुणालाच द्यायला काही नव्हते. माणसे पटापट मेली. शेवटी बोधिसत्त्वांच्याही थुंकीत रक्त दिसले.

त्यांची पत्नी भद्रिका हिला ठाऊक होते, कड्याच्या कपारीत तळहाताएवढे दगडफूल अजून आहे.

"अहो, विळा घेऊन जाते मी. एका काढ्यापुरतं निघेल. वाचाल ना?"

"वाचेनही." वैद्याला खोटे बोलवेना. "पण मग या डोंगरावर बीजालाही उरणार नाही. हात लावू नकोस, भद्रिके."

"आणि मला काय उरणार?"

तिसऱ्या प्रहरी ते गेले.

चिता विझल्यावर भद्रिका विळा घेऊन कड्यावर चढली. ज्याच्यापायी नवरा गेला, ते तरी कशाला राहू द्यायचे? तिने पाते दगडाला लावले. हात पुढे सरकेना. विळा दरीत भिरकावून ती तिथेच ऊर फुटेस्तोवर रडली. पुढे दर पावसाळ्यात ती वर जाई आणि त्यावर तळहात टेकवून बघे. म्हातारी होऊन मेली, तरी ते तळहाताबाहेर गेले नाही.

कड्यापाशी बसलेल्या भिक्षु-भिक्षुणींना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा दीर्घक म्हणजे मघाशी पात्र घासायला हा खडक खरवडू पाहणारा भिक्षू पुण्णक. भद्रिका म्हणजे भिक्षुणी उत्तरा. वैद्य मीच होतो. आणि कडा हाच."

उत्तरा उठली. मागच्या कपारीतल्या करड्या डागावर तिने तळहात टेकवला. डाग जेमतेम बोटभर बाहेर आला होता. तिचे डोळे भरून आले.

शास्ते म्हणाले, "असं सोसून जपणं, यालाच क्षांती म्हणतात."